आजी मागे आहे

तिला पहिल्यांदा कुणी 'आजी' म्हटलं तेव्हा तिचं वय एकोणीस होतं. गुडघे खरचटलेले, वेणी घट्ट, आणि चाल इतकी निवांत की जेवण करून अंगणात फेऱ्या मारायला निघालीय असं वाटावं. संघातल्या बाकीच्या पोरी चेंडूमागे ऊर फुटेस्तोवर धावायच्या. ही चार पावलं टाकायची आणि चेंडू जिथे येणार तिथे आधीच हजर असायची. समोरच्या संघाची एक आघाडीची खेळाडू सबंध सामनाभर हिच्यावर आपटून आपटून वैतागली आणि शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही आजी वाटेतून उठणार आहे की नाही?" झालं, नाव चिकटलं. पुढे ती घर सोडून चार देशांत व्यावसायिक फुटबॉल खेळली, आणि गंमत अशी की कुणी कुणाच्या कानात सांगितलेलं नसताना प्रत्येक देशात, तिथल्या भाषेत, तिचं हेच नाव पडलं.

बचावाला उभं राहायचं हे काही तिने ठरवलेलं नव्हतं. तिला वडिलांनी उभं केलं. गल्लीत त्यांच्या दारासमोरच एक फोटो स्टुडिओ होता आणि त्याला हे एवढं मोठं काचेचं दार. मोठा दादा आणि धाकटा भाऊ, दोघांनाही फक्त गोल मारायचे असत, आणि दोघांचेही गोल त्या काचेतच जायचे. दुसऱ्यांदा काच फुटली तेव्हा वडील कारखान्यातून आले होते, बसगाड्यांचं ग्रीस अजून हातावर होतं. त्यांनी स्टुडिओवाल्या काकांची माफी मागितली आणि फर्मान काढलं, "खेळायचं तर खुशाल खेळा. पण ही काचेसमोर उभी राहील. काच फुटली तर तिघांनाही फटके." दोन्ही भावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्या दिवसापासून काच फुटली नाही. चेंडूकडे बघायचं नाही, मारणाऱ्याच्या कंबरेकडे बघायचं, हे तिला तिथेच उमगलं. पाय हवं ते नाटक करतात, कंबरेला ते जमत नाही. भावांना हे कळू न देता तिने पुढची काही वर्षं सुखात काढली.

खरं सांगायचं तर बचावपटूचा धंदा विचित्रच. गोल मारणारीला लोक खांद्यावर घेतात. अडवणारीने दिवसभर राबावं, आणि काहीच घडलं नाही की तिचं काम फत्ते झालं असं समजायचं. घरी फोनवर आई विचारायची, "काय गं, आज काय केलंस?" ही म्हणायची, "काही होऊ दिलं नाही." आईला ते फार पटायचं. तिचं स्वतःचं आयुष्यही त्याच कामात गेलं होतं.

मात्र एका बाबतीत ती आजी मुळीच निवांत नव्हती, आणि ते म्हणजे तोंड. मागे उभ्या असणारीला सगळं मैदान दिसतं, म्हणून ओरडायचंही तिनेच. डावीकडे सरक. सोड तिला. माझा. वर चला. नव्या देशात उतरल्यावर ती हे एवढे शब्द आधी पाठ करायची. भाजीवाल्याशी बोलायचे शब्द मागाहून यायचे. पहिल्या देशात कडाक्याची थंडी होती, मैदान दगडासारखं कडक, आणि तिथल्या रीतीप्रमाणे नव्या खेळाडूने जेवणाच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं. तिचा गळा म्हणजे आनंदच. तिने गाण्याऐवजी खुर्चीवरूनच सगळ्या शब्दांचा पाढा ठणठणीत आवाजात म्हणून दाखवला, डावीकडे, उजवीकडे, सोड, माझा, वर चला, आणि सगळा संघ हसता हसता टेबलाखाली गेला. दुसऱ्या दिवशी सरावात मात्र ती 'वर चला' म्हणाली की चौघी एका ओळीत वर जायच्या. समोरच्या आघाडीवाल्या त्यांच्यामागे एकट्याच उरायच्या, ऑफसाइडचा झेंडा वर. "आजी मागे आहे," असं म्हणून बाकीच्या बिनघोर पुढे जाऊ लागल्या, आणि हेही वाक्य मग देशोदेशी तिच्यासोबत गेलं.

आता तिच्या नवऱ्याकडे वळू, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तो न्हावी. ती अजून घरच्या गावीच खेळत होती तेव्हा सरावाच्या मैदानाजवळ त्याचं छोटं सलून होतं. एका सामन्यात कुणीतरी तिची वेणी ओढून तिला आडवी केली, तशी ती मळक्या बुटांनिशी त्याच्या दुकानात शिरली आणि खुर्चीत बसली. "किती कापू?" त्याने विचारलं. "कुणाच्या हाताला लागणार नाहीत इतके." तो हसला, पण कात्री चालवण्यापूर्वी त्याने तीनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना, नक्की ना. त्याचा स्वभावच तसा. विचारल्याशिवाय तो कुणाचे कल्लेसुद्धा कापायचा नाही.

आणि ही? हिला विचारायची सवयच नव्हती. मैदानावर मागून हुकूम सोडायचा, समोरचीने ऐकायचं. तिथे 'तुला काय वाटतं' म्हणत बसलं तर चेंडू जाळ्यात जातो. लग्नाला वर्ष होत नाही तो पहिला फोन आला. ती हो म्हणाली, फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आपण पुढच्या आठवड्यात निघतोय." तो कांदा चिरत होता. त्याने विचारलं, "कुठे?" तिने देशाचं नाव सांगितलं. त्याने कांदा पुरा चिरला, मग कात्र्या, कंगवे आणि वस्तरा एका टॉवेलात गुंडाळून ठेवले. दुसऱ्या वेळी तिने ती बातमी बाथरूमच्या दाराबाहेरून सांगितली. तिसऱ्या वेळी तर तो दवाखान्यात तिच्या उशाशी बसला होता, छोटी जेमतेम दोन दिवसांची होती, आणि तिने बाळाला त्याच्या हातात देत सांगितलं की आहे त्याच क्लबने करार वाढवलाय, अजून तीन वर्षं इथेच. तेव्हा त्याला आनंद झाला, कारण तो देश त्याला आवडला होता. पण विचारलं तेव्हाही नव्हतंच.

त्या देशातल्या संघाची जर्सी पिवळी होती. लिंबासारखी पिवळी, दुरूनही डोळ्यांत भरणारी. तिथे ती सर्वांत जास्त काळ खेळली, आणि त्या काळात तिच्या पायांना एकच गोष्ट पक्की शिकवली गेली: मान वर करायची, पिवळं दिसलं की द्यायचा. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे याच पिवळ्याने घात केला.

पहिल्या तीन देशांत त्याचं दुकान स्वयंपाकघरातच असायचं. एक लाकडी खुर्ची, खिडकीच्या कडीला टांगलेला आरसा, आणि फरशीवर पाच-सहा रंगांचे केस, कारण संघातल्या निम्म्या पोरी त्याच्याकडेच यायच्या. चौथ्या देशात मात्र नशीब उघडलं. बसस्टॉपच्या कोपऱ्यावर त्याला खरं दुकान मिळालं. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा दांडा दाबला की ती वर जाण्याऐवजी हळूहळू खाली यायची, तरी पण खुर्च्या दोन. मोठा आरसा, बाहेर पाटी, पाटीवर रंगवलेली कात्री. म्हातारी माणसं सकाळी पेपर वाचायला येऊन बसायची, दाढी करायची असो वा नसो. छोटी आठ वर्षांची झाली होती, आणि वरच्या मजल्यावरची मैत्रीण आणि ती एकमेकींच्या घरात इतक्या मिसळल्या होत्या की कुठल्या पोरीने कुठे जेवायचं हे विचारणं दोन्ही आयांनी सोडून दिलं होतं. तिला हे सगळं दिसत होतं. मागून सगळंच दिसतं.

यंदाचा हंगाम संघाला वाईट गेला. तो तळाला तळमळत राहिला, आणि शेवटच्या सामन्यापर्यंत अशी गत आली की बरोबरी तरी साधली तर वरच्या गटात टिकणार, हरलो तर खाली. कोचबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आजी, टिकलो तर पुढचं वर्ष तुझं. पडलो तर खालच्या गटात बाहेरची खेळाडू ठेवायची परवानगीच नाही. मला वाईट वाटेल, पण माझ्या हातात काही नाही." त्याच आठवड्यात पाचव्या देशातून फोन आला. तिथे तिला घ्यायला तयार होते, आत्ताच्या आत्ता. तिने दोन दिवस मागितले, घरी कुणाला बोलली नाही. सामन्याच्या सकाळी दात घासता घासता तिने ठरवलं आणि फोन करून नाही म्हणून टाकलं. दुकान हलवायचं नाही, छोटीची मैत्रीण तोडायची नाही. म्हणजे आज हरलो की आपलं खेळणं संपलं. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, "डबा नको, तिथेच खाईन." एवढंच.

सामना आपल्याच मैदानावर होता. पाहुण्यांची रोजची जर्सी निळी, पण यजमानांचीही निळीच. म्हणून नियमाप्रमाणे पाहुण्यांनी बाहेरच्या सामन्यांसाठीची दुसरी जर्सी घातली. बोगद्यातून त्या रांगेने आल्या आणि हिने पाहिलं, पिवळ्या. लिंबासारख्या पिवळ्या. 'अरे वा, माझ्याच पोरी,' असं मनात येऊन ती हसलीसुद्धा. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

पहिला अर्धा भाग तिने सुखरूप काढला. काही होऊ दिलं नाही. दुसऱ्या भागातही बराच वेळ शून्य-शून्य चाललं, आणि वर छपराखालच्या बाकांवर नवरा आणि छोटी शेंगदाणे खात बसलेले तिला दिसत होते. मग एक उंच चेंडू आला. तिने छातीवर घेतला, पायाशी उतरवला, एक पिवळी अंगावर धावत आली, तिला तिने लीलया चुकवली. सगळं देखणं. मग मान वर केली, समोर मोकळी उभी असलेली पिवळी जर्सी दिसली, आणि तिच्या पायाने जन्मभरातला सर्वांत नेमका पास त्या पिवळ्या जर्सीच्या पायात नेऊन ठेवला. ती बिचारी क्षणभर गोंधळलीच. तिने मागे वळून पाहिलं, हा मलाच का? मग तिने गोल मारला.

मैदान चिडीचूप झालं. वर छोटी मोठ्याने म्हणाली, "आईने तिला का दिला?" आणि ते सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

ती तिथेच उभी राहिली. कानशिलं तापली, बुटांच्या लेसकडे बघत राहावं असं वाटू लागलं. शेवटचा सामना, आणि त्यात आपणच दिलेला गोल. मागून गोलकीपर आली. तिला सगळे भोंगा म्हणत, कारण तिचा आवाज पार्किंगपर्यंत जायचा. भोंगा म्हणाली, "आजी, चष्मा घरी राहिला का गं?"  उजव्या बाजूची पोर फिसकन हसली, तिच्यामागून दुसरी, आणि हिलाही इतकं हसू फुटलं की डोळे पुसावे लागले. हसून झाल्यावर तिला स्वतःचा असा राग आला म्हणता, की विचारू नका. तिने बचावातल्या बाकीच्या तिघींना जवळ बोलावलं. "सगळ्या वर जा."

"आणि मागे?"

"मागे मी आहे ना!"

उजव्या बाजूच्या पोरीला सगळे पाखरू म्हणत. वर्षभर हिने तिला जर्सी धरधरून मागे ओढली होती, आणि आता हीच जा म्हणतेय हे ऐकून पाखराचे डोळे चमकले. कडेला कोचबाई दोन्ही हात हलवून खाली या, खाली या म्हणत होत्या. कुणी बघितलंच नाही. आता निम्मं मैदान आजीच्या एकटीच्या ताब्यात होतं. आणि मग दोन पिवळ्या चेंडू घेऊन तिच्या अंगावर सुटल्या. दोघी, आणि मध्ये ही. अशा वेळी नवशिकी बचावपटू झेपावते आणि फसते. हिने झेप घेतली नाही. ती पाठीमागे सरकत राहिली, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे, धड कुणाकडेच नाही. सासूने दोन सुनांना झुलवत ठेवावं तशी. चेंडूवालीला कळेना, पास द्यावा की मारावा. ती घाबरली आणि घाईने लांबूनच मारला. भोंग्याने तो पोटाशी धरला आणि त्याच दमात लांब फेकला. पाखरू मोकळंच होतं. ते असं सुटलं की झेंडा दाखवणाऱ्या रेफरीलाही गाठता येईना. तिकडून चेंडू आडवा आला आणि आघाडीच्या पोरीच्या नडगीला लागून कसाबसा, लडबडत, लाजत लाजत गोलरेषेपार गेला. फार कुरूप गोल होता. इतका सुंदर गोल त्या मैदानाने पाहिला नव्हता.

उरलेला वेळ तिने सगळ्यांना पुन्हा खाली बोलावलं आणि घसा बसेपर्यंत ओरडली. शिट्टी झाली. टिकलो! पाखराने तिच्या पाठीवर उडी मारली, भोंग्याने दोघींना उचललं आणि तिघी मिळून चिखलात आडव्या झाल्या. कोचबाई आल्या त्या रागावायला, पण रागावता रागावता त्यांनाच हुंदका आला. "पुढचं वर्ष," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी पिवळं घालून येईल त्याला मी दारातूनच परत पाठवणार आहे."

अंघोळ करून ती मागच्या फाटकाने बाहेर आली तेव्हा नवरा आणि छोटी उभेच होते. छोटीने तिला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "तू तिला का दिलास?"

"ओळखीची वाटली गं."

नवरा हसत होता. ते तिघे बसस्टॉपकडे चालू लागले, आणि आनंदाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं, नाहीतर आजपासून मी घरीच होते. पाचव्या देशाला सकाळीच नाही कळवून टाकलं होतं."

तो थांबला. "कोणता पाचवा देश?"

तिने सांगितलं. सगळं. फोन, दोन दिवस, दात घासताना घेतलेला निर्णय. तिला वाटलं होतं तो विरघळेल. एवढा मोठा त्याग, कुणासाठी, तर त्याच्या दुकानासाठी. त्याचा चेहरा उतरला. आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हताच, त्यामुळे तो हळू बोलला, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं.

"चार देश फिरलो तुझ्याबरोबर. कुरकुर केली कधी?"

"नाही."

"हो म्हणालीस तेव्हा विचारलं नाहीस. ठीक आहे, म्हटलं हिचं कामच तसं. आता नाही म्हणालीस, खेळ सोडायला निघालीस, ते माझ्या नावाने, आणि तेही विचारलं नाहीस. दुकान माझं आहे ना? मग मला विचारायचं होतंस, दुकान हवं की तू खेळलेली हवीस." त्याने नाक ओढलं. "कुणाचे केस कापतानासुद्धा मी तीनदा विचारतो."

 भर मैदानात चुकीचा पास दिला तेव्हाही तिला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं. जन्मभर मागे उभं राहून सगळं दिसतं म्हणून मिरवलं, आणि अगदी शेजारचा माणूस काय म्हणतो ते कधी ऐकलं नाही. रस्त्याच्या कडेला एक हातगाडीवाला गाडी ढकलत जात होता, त्याला वाट द्यायला ते तिघे बाजूला झाले. मग ती त्याच्याकडे वळली.

"आणखी एक वर्ष खेळू का?"

"काय?"

"विचारतेय. कोचबाईंना अजून हो म्हटलेलं नाही. तू सांग. खेळू का?"

 तो पुढे चालू लागला, खिशात हात घालून.

"बाबा!" छोटी ओरडली. "सांग ना!"

"थांब गं. अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंय. जरा विचार करू दे."

आणि त्याने खरंच विचार केला. बंद दुकानांसमोरून, बेकरीसमोरून, स्वतःच्या दुकानाच्या पाटीखालून तो मुकाट चालत गेला, आणि ती त्याच्या बाजूने, त्याच्या पावलाला पाऊल लावून. समोरचीच्या कंबरेवरून चेंडूचा रस्ता ओळखणाऱ्या त्या बाईला या माणसाचं उत्तर काही केल्या ओळखता येईना. बसस्टॉपवर पोचल्यावर तो थांबला.

"खेळ," तो म्हणाला. "मला तुला खेळताना बघायला फार आवडतं. कधी विचारलं असतंस तर केव्हाच सांगितलं असतं."

सामना संपल्यावर सगळ्या रडल्या होत्या, तीच तेवढी कोरडी राहिली होती. आता मात्र तिला रडू आवरेना. बस आली, तिघे चढले, आणि ती घर येईपर्यंत त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.